रिबकामावशींचं ओझं आणि आमचं आमेन

रिबकाबाई त्रिभुवन यांच्यावर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. दुष्काळाच्या सलग दुसऱ्या उन्हाळ्यात, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारानंतर आलेल्या बुधवारी, संध्याकाळच्या प्रार्थनासभेत, शेवटचं गीत सुरू व्हायच्या आधी. कुठं? उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत, आमच्याच चर्चमध्ये. कुणी केला? आम्ही. पाळकसाहेबांपासून मागच्या बाकावर मोबाईल बघत बसलेल्या पोरापर्यंत, त्या संध्याकाळी हजर असलेल्या सगळ्या मंडळीनं. त्याच उन्हाळ्यात मावशी गेल्या.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पाण्याच्या आंदोलनात शिकलो ते एवढंच. पत्रकात आरोपी ठरलेला असतो. टँकरवाला, बिल्डर, खुर्चीतला साहेब. बोट बाहेर दाखवायची हाताला सवय लागते. हे लिहिताना तेच बोट वळवावं लागतंय, आणि लाज वाटतेय. वाटू दे. लाज वाटावी म्हणूनच लिहितोय.

मावशींची जन्मापासूनची हकिकत मला माहीत नाही आणि तिची इथं गरजही नाही. बुटक्या, रुंद मनगटांच्या, आवाजानं दणकट. हा आवाज देवाची देणगी नव्हती, मशिनची होती. चिकलठाण्याच्या एका साबणाच्या कारखान्यात त्यांनी पॅकिंगच्या लाईनवर अख्खी उमर काढली. तिथं कुजबुजून बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नसे. कारखाना बंद पडला, आवाज राहिला. चर्चमध्ये त्या हळू बोलायला गेल्या तरी बाहेर चप्पल काढणाऱ्याला ऐकू जाई. एखाद्याच्या घरी उघडं खोकं दिसलं की त्यांना करमत नसे. चहा येईपर्यंत त्या ते चारी बाजूंनी दाबून, झाकणं एकात एक अडकवून, सरळ करून ठेवायच्या. बाकांचंही तसंच. भजन चालू असतानाही गुडघ्यानं बाक ढकलून ओळीत आणायच्या.

आणि झोपायच्या आठ वाजता. कुणी हसलं की म्हणायच्या, "जागायचं काम त्याचं हाय. दोघांनी जागून काय फायदा?"

हा त्यांचा विश्वास. मी नंतर पुष्कळ लोकांना देवावर भरवसा ठेवण्याबद्दल बोलताना ऐकलं. डोळे मिटून, सूर लावून, गळा दाटून बोलतात. मावशी त्याबद्दल भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. दिलं त्याला, संपलं. आणि दिलेलं परत घेतलेलं त्यांना खपत नसे. आमच्यातल्या एक बाई दर बुधवारी उठून मुलीच्या लग्नाचं ओझं प्रभूच्या चरणी ठेवायच्या आणि दर बुधवारी तितक्याच रडायच्या. एकदा मावशी बाकावरूनच गरजल्या, "अगं, मागल्या बुधवारी दिलंस ना त्याच्याकडं? मग आज परत तुझ्याकडं कसं? रात्री येऊन चोरून नेलंस व्हय देवळातनं?"

सगळं चर्च हसलं. त्या बाई रडता रडता हसल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे तेही हसत होते.

आता त्या बुधवारच्या सभेचा रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. ज्याला जे जड झालंय ते त्यानं उभं राहून सांगायचं. याला आमच्यात 'ओझं ठेवणं' म्हणतात. आजार, भांडण, नोकरी, काहीही. मग पाळकसाहेब प्रार्थना करणार, ते ओझं प्रभूवर टाकणार, आम्ही आमेन म्हणणार. पुढचा उभा राहणार. वर्षानुवर्षं हेच. मावशी कारखान्यातून घरी बसल्या आणि बुधवारी नियमानं यायला लागल्या, तेव्हा यात बिघाड झाला.

झालं असं. एकानं सांगितलं, आई पडलीय, मांडीचं हाड गेलंय, मला सुट्टी मिळत नाही. प्रार्थना झाली. आमेन झालं. आणि मागून आवाज आला,

"कोण उचलतं?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मावशी उभ्या.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आत्ताच प्रभूनं उचललं की."

"त्यानं काळजी उचलली, साहेब. म्हातारीला दवाखान्यात न्यायचं अजून इथंच पडलंय. ते कोण उचलतं?"

ही त्यांच्या लाईनवरची हाळी होती. खोकं भरून त्याला पट्टी मारली की ओरडायचं, कोण उचलतं, मग उचलणारा माणूस यायचा. तिथं एक नियमही होता आणि मावशींनी तोही आम्हाला सांगून ठेवला होता. आपल्या खोक्याला आपण हाळी द्यायची नाही. बाजूचीनं द्यायची. "सगळ्याजणी आपापल्यापुरत्या वरडाया लागल्या तर उचलणारानं कुणाचं ऐकावं?" या नियमाकडं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. गमतीचा वाटला.

हाळीचीही आधी गंमतच वाटली, मग कटकट, मग सवय झाली. दर ओझ्यामागं आमेन, आमेनमागं हाळी. कुणीतरी हात वर करायचा. कुणीच नाही केला तर मावशी म्हणायच्या, "बरं, माझ्याकडं." आणि त्यांच्याकडं म्हणजे खरोखर त्यांच्याकडं.

सुधाकरचं ओझं असंच त्यांच्याकडं गेलं. सुधाकर उभा राहिला आणि म्हणाला, दारू सुटत नाही. यावर कोण हात वर करणार? मावशींनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावरून सुटायच्या वेळेला त्या क्रांती चौकात उभ्या. त्याच्याबरोबर चालत निघायच्या आणि गुत्ता जवळ आला की भर रस्त्यात उपासनेचं गीत सुरू करायच्या, पहिल्या कडव्यापासून, त्या आवाजात. ट्रॅफिक थांबून बघायचं. सुधाकर मान खाली घालून जवळजवळ पळायचा. पावसाळाभर हे चाललं. पावसाळा म्हणजे नुसते ढग, पाऊस नव्हता. दारू सुटली. तो अजून सांगतो, "देवानं सोडवली का मावशीच्या आवाजानं, हे मला वर गेल्यावर विचारायचंय."

दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं ते. आम्ही पावसासाठी उपास धरला होता. रविवारी मोठी उपासना झाली, पाळकसाहेबांनी भरवशावर उत्तम उपदेश केला आणि शेवटचा आशीर्वाद द्यायला हात उंचावला. तेवढ्यात मावशी उठल्या.

"पावसाचं दिलं त्याच्याकडं, छान झालं. पण मागल्या गल्लीत पगारेआजीचा रांजण काल रात्रीपासनं कोरडा हाय. ते कोण उचलतं?"

"बाई, आशीर्वादाच्या वेळी सूचना नसतात."

"मग आशीर्वाद जरा दमानं द्या, साहेब. आम्ही येतो जाऊन."

आणि आम्ही खरंच गेलो. इस्त्रीच्या शर्टांवर, घागरी घेऊन. पाळकसाहेबही आले. आशीर्वाद त्या दिवशी पगारेआजीच्या अंगणात झाला.

माझ्या पत्रकांवर त्यांचं फारसं चांगलं मत नव्हतं. टँकरवाल्यांविरुद्ध लिहिलेलं एक पत्रक त्यांनी भिंग लावून पूर्ण वाचलं, एका उद्गारचिन्हावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "खरं लिवलंस. पण हरेक ओळीमागं ही उभी काठी कशाला मारलीस? माणसाला वाटतं, वाचून झालं की मारणार हाय ह्यो पोरगा."

मग रस्ता रुंद झाला. उस्मानपुऱ्यातली त्यांची जुनी खोली त्यात गेली. आमच्यातली निम्मी घरं अशीच पांगली. कुणी बायपासकडं गेलं, कुणी शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडं. मावशींना घर मिळालं ते चिकलठाण्याच्या बाजूच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. त्या खड्ड्यात लोक कचरा टाकायचे. पाणी टँकरचं. टँकर खाली, घरं वर.

आणि सायमनदादा. मावशींचा थोरला भाऊ. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि एक बाजू आणि वाचा गेली होती. आधीपासून मावशींकडंच राहायचे. उस्मानपुऱ्यात तळमजला होता, शेजार होता, येताजाता कुणीही त्यांना उठवून बसवायचं. इथं मावशी एकट्या. दिवसातून तीनदा त्या गड्यासारख्या माणसाला काखेत धरून उचलायचं, बसवायचं, पुसायचं, कूस बदलायची. वर पाण्याच्या घागरी. बुधवारी सभेला यायचं तर समोरच्या दारातल्या नसीमभाभी दादांजवळ येऊन बसायच्या. "खाला, तुम जाव आरामसे, मैं बैठतूं भाई के पास." मावशी शेअर रिक्षानं क्रांती चौकापर्यंत येत आणि तिथून चालत चर्चला. एक बुधवार चुकला नाही.

इकडं बुधवार मात्र ओसरला होता. लांब राहायला गेलेली माणसं मोबाईलच्या ग्रुपवर ओझं टाकायची आणि बाकीचे खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचे. किती सोपं! उचलायचा तो फक्त अंगठा. सभेला येणारे थोडे आणि हात वर करणारे त्याहून थोडे. म्हणजे "बरं, माझ्याकडं" वाढलं.

आता तो बुधवार.

शेवटचं ओझं ठेवून झालं होतं. मावशी उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, हाळी. पण त्या म्हणाल्या, "माझं एक हाय."

मी इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. कुणीच नव्हतं. लोक सरसावून बसले.

"बेंबीजवळ आतडं वर येतंय. हर्निया म्हणतात. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन कर, लवकर कर, आणि नंतर दोन-तीन महिने जड उचलू नको. ऑपरेशनची भीती नाय मला. ते त्याच्याकडं दिलंय. सायमनला तेवढं उचलावं लागतं. नसीम बसती, पण ती पोटुशी हाय, तिला उचलता येत नाय." जरा थांबल्या. पदर सारखा केला. "एवढंच." आणि खाली बसल्या.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आम्ही आमेन म्हटलं. मग शांतता झाली. ही तीच जागा होती जिथं दर आठवड्याला हाळी यायची. पण आज खोकंच हाळी देणारीचं होतं. आणि आपल्या खोक्याला आपण हाळी द्यायची नाही. त्या समोर बघत बसल्या, मांडीवर हात, जणू दुसऱ्या कुणाचं चाललंय. बाजूला कोण होतं ते सांगण्यात अर्थ नाही. बाक लांब असतो. आम्ही सगळेच त्याच बाकावर होतो. मीही. दोन शब्द होते. लहान पोरालाही पाठ असलेले.

ती शांतता आमच्या पंचांपैकी समुवेलकाकांना सोसली नाही. शांतता सोसत नाही अशी माणसं फार नुकसान करतात. ते उठून म्हणाले, "बहिणीचा विश्वास आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जिनं मंडळीची ओझी वाहिली, तिचं ओझं प्रभू स्वतः वाहील. हालेलुया! सगळे मिळून पुन्हा एकदा आमेन म्हणा."

आम्ही पुन्हा एकदा आमेन म्हटलं. मोठ्यानं. मोर्च्यात कमावलेला माझा आवाज त्यात होता. पेटीवाल्यानं सूर दिला. गीत झालं, मावशीही गायल्या. बाहेर पडताना एकेकानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काळजी करू नका, मावशी."

काळजी! जिनं आम्हाला काळजी टाकायला शिकवलं तिला आम्ही हे सांगत होतो. तिनं मागितली होती उचलायला दोन माणसं. दिला आम्ही उपदेश.

मला आता कुणी म्हणेल, त्यांनी स्वतः तोंड उघडून पुन्हा का विचारलं नाही? म्हणणाऱ्यांनी आधीच म्हटलंय. मी सांगतो. त्यांनी सांगितलं होतं. भर सभेत, उभं राहून, कारणासकट. यापेक्षा जास्त काय करायचं असतं? भीक?

पुढच्या आठवड्यात महिला मंडळ त्यांना भेटायला गेलं. तीन जिने चढून गेल्या, बिचाऱ्या धापा टाकत होत्या. दोन गीतं गायली, वचन वाचलं, प्रार्थना केली. मावशींनी सगळ्यांना चहा केला. त्या चहाचं पाणी मावशींनी खालून आणलेलं होतं. कप मावशींनी विसळले. समुवेलकाकांनी फळांची टोपली पाठवली. टरबूज होतं तिच्यात. तेही कुणीतरी वर नेलंच असेल; कुणी, ते मला विचारायचंय.

ऑपरेशनची तारीख पुढं गेली, मग आणखी पुढं. मधल्या एका बुधवारी मी विचारलं तर म्हणाल्या, "होईल. घाई त्याला नाय, मला कशाला?" आणि त्या सभेतही, दुसऱ्या कुणाच्या तरी ओझ्याला, त्यांनी हाळी दिली. आवाज तेवढाच. रुसवा नाही, टोमणा नाही. मला वाटलं, म्हणजे झालं असेल काहीतरी, लागली असेल सोय. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. देवावर टाकण्याचा आमचा अर्थ तोच होता: आपण सोडून कुणीतरी बघत असेल.

मे महिन्यात एका सकाळी दादांना उचलताना आतडं अडकलं. मावशी तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. नसीमभाभींनी नवऱ्याला उठवलं, त्यानं रिक्षा आणली, त्यानं आणि रिक्षावाल्यानं जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली नेलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. आम्हाला ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

मातीच्या वेळी समुवेलकाका बोलले. "बहिणीला प्रभूनं विसावा दिला. सगळी ओझी उतरली." मी तिथून ओरडणार होतो. माझ्याआधी पाळकसाहेब मध्ये बोलले, हातातलं पुस्तक मिटून. "मी त्या दिवशी थांबलो होतो," ते म्हणाले. "वाट बघत होतो. कुणीतरी विचारील म्हणून." कबरीवर माती पडली तेव्हा कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. समुवेलकाकाही नाही. त्यांनी माझ्याकडून फावडं घेतलं आणि लोक पांगले तरी ते माती ओढत राहिले.

आणि तेव्हा सायमनदादा तिसऱ्या मजल्यावर पलंगावर होते. बहिणीच्या मातीला त्यांना कुणी आणलं नाही. उचलणार कोण?

मी मावशींना जिवंत शेवटचं बघितलं ते आतडं अडकायच्या थोडं आधी, एका दुपारी. सह्यांचे कागद घेऊन त्या बिल्डिंगमध्ये फिरत होतो. उन्हाची तिरीप, जिन्यात चिटपाखरू नाही. मावशींचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं होतं. पलंगावर दादा टक्क जागे. खाली फरशीवर, उशाला हात घेऊन, मावशी झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, घोरत होत्या, मशिनच्या आवाजात झोपायची सवय असलेलं माणूस घोरतं तसं, निवांत. त्यांच्या पदराचं टोक दादांच्या चांगल्या हाताच्या मनगटाला गाठ मारून बांधलेलं होतं. दादा हलले की पदर ओढला जाणार, मावशींना जाग येणार. दादांनी मला बघितलं. तो हात हलू नये म्हणून त्यांनी तो पलंगाला दाबून धरला होता. मान हलवली फक्त, अगदी बारीक: जा, झोपू दे तिला.

एवढंच. मी परत जिना उतरलो.

आता तुमच्याशी.

दादा अजून त्याच घरात आहेत. आता आम्ही काहीजण पाळीनं जातो. पाळकसाहेब सकाळी, सुधाकर कामावरून सुटल्यावर. समुवेलकाकासुद्धा येतात, कंबर धरून, एक शब्द न बोलता. नसीमभाभींची मुलगी आता रांगत दादांच्या खोलीत येते. पण गुरुवारची आणि शनिवारची दुपार कुणाकडंच नाही, आणि त्या दोन्ही दिवशी ते सकाळपासून दिवस बुडेपर्यंत एकाच कुशीवर पडून असतात. मला तुमची सहानुभूती नको. तुमच्या डोळ्यांतलं पाणीही नको, इथं प्यायचंच पाणी अजून टँकरनं येतं. तुम्ही ख्रिस्ती आहात का, हेही मी विचारत नाही. जेवण झालं की निघा. चिकलठाण्याकडची शेअर रिक्षा धरा आणि विमानतळाच्या अलीकडं उतरून टँकर कुठं थांबतो ते विचारा. त्याच बिल्डिंगचा तिसरा मजला. एकटे येऊ नका, एकट्याला दादा उचलवत नाहीत. आणि प्रार्थना करायचीच असेल तर जिन्यात करून घ्या. वर गेल्यावर दोन्ही हात मोकळे लागतात.